समुद्राकडे पाठ करून उभा असलेला लेव्हायथन

डोंगरांच्या मागून एक प्रचंड माणूस वर आला आहे. डोक्यावर मुकुट, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात बिशपचा वक्र टोकाचा धर्मदंड. कंबरेखालचा देह डोंगरांनी झाकलेला. जे धड आणि जे बाहू दिसतात, ते शेकडो माणसांचे बनलेले. त्याच्यासमोर टेकड्या, वस्त्या, चर्चचे मनोरे आणि सर्वांत पुढे तटबंदीचे एक शहर. थॉमस हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या १६५१ सालच्या ग्रंथाचे हे मुखचित्र. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सामाजिक कराराच्या प्रकरणात ते कधी ना कधी भेटतेच, बहुधा तळहाताएवढ्या धूसर छपाईत. त्यामुळेच एक गोष्ट नजरेतून निसटते. अगदी मागे, क्षितिजाच्या रेषेपाशी, समुद्र आहे. आणि त्या समुद्रावर मुंगीएवढी जहाजे आहेत.

लेव्हायथन हे बायबलमधल्या सागरी राक्षसाचे नाव. मग ज्याला हे नाव दिले तो जमिनीवर काय करतो आहे? समुद्र त्याच्या पाठीशी का? आणि मुळात तो जमिनीवर उभा आहे, हे तरी कशावरून? हा धागा या प्रश्नांचा आहे.

चित्र नीट पाहण्यापूर्वी त्या काळची एक सवय ध्यानात घ्यावी लागते. सतराव्या शतकातील युरोपीय वाचक ग्रंथाचे मुखचित्र केवळ पाहत नसे, तो ते वाचत असे. ग्रंथाचा सारांश, दावा आणि कधी कधी उघडपणे लिहिता न येणारा आशयही त्या एका पानात भरलेला असे. या पानाचा खालचा अर्धा भाग अशाच वाचनासाठी रचला आहे. मधोमध एक पडदा लटकतो आहे आणि त्यावर ग्रंथाचे नाव आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच चौकटी आहेत. तलवारीच्या बाजूला वरून खाली किल्ला, राजमुकुट, तोफ, बंदुका-भाल्यांचा जुडगा आणि शेवटी रणांगण. धर्मदंडाच्या बाजूला चर्च, बिशपचा शिरोमुकुट, बहिष्काराची वीज, तर्कशास्त्राची शस्त्रे आणि शेवटी धर्मपंडितांची सभा. यातील तर्कशास्त्राची शस्त्रे हा एक बोचरा विनोद आहे: त्रिशूळासारख्या अवजारावर ‘सिलॉजिझम’ असे लिहिले आहे, तर बैलाच्या शिंगांच्या जोडीवर ‘डिलेमा’. शेजारच्या चौकटीत जे काम भाला करतो, तेच काम इथे युक्तिवाद करतो, असे चित्रकार सुचवतो. हॉब्जला विद्यापीठीय धर्मपंडितांविषयी जी चीड होती, ती या एका चौकटीत जितकी दिसते तितकी ग्रंथातील कित्येक पानांतही दिसत नाही.

दोन्ही स्तंभ वर जाऊन एकाच देहाच्या दोन हातांना मिळतात. राजसत्ता आणि धर्मसत्ता वेगळ्या ठेवल्या की यादवी होते, म्हणून दोन्ही एकाच्याच हाती असाव्यात, हा ग्रंथाचा गाभा. ज्या इंग्लंडात १६४२ पासून राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटले, ज्यात चर्चचा कारभार कोणाच्या हाती असावा हा मोठा कळीचा प्रश्न होता आणि ज्याची परिणती ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदात झाली, त्या इंग्लंडसाठी हे चित्र शोभेचे नव्हते.

आता वरच्या अर्ध्या भागाकडे वळावे. अगदी वर, मुकुटाच्याही वर, लॅटिनमधील एक ओळ आहे. ती ईयोबाच्या पुस्तकातून घेतलेली आहे आणि पृथ्वीवर याच्याशी तुलना करता येईल अशी दुसरी सत्ता नाही, अशा अर्थाची आहे. ईयोबाच्या पुस्तकात देव आपल्या सामर्थ्याची साक्ष म्हणून दोन महाकाय प्राण्यांचे वर्णन करतो. प्रथम येतो बेहेमोथ: गवत खाणारा, प्रचंड हाडांचा. त्यानंतर लेव्हायथन: पाण्यातला, खवल्यांचा, ज्याला गळ लावून ओढता येत नाही. पुढच्या परंपरेने या जोडीला जमिनीचा पशू आणि समुद्राचा पशू असे कायमचे रूप दिले. मुखचित्रावरील ओळ समुद्रातल्या पशूविषयीची आहे. पण लॅटिन शब्द मात्र ‘तेरा’ आहे, म्हणजे पृथ्वी आणि त्याच वेळी जमीनसुद्धा. पाण्यातला प्राणी, सत्ता जमिनीवर. हा पेच चित्रकाराने निर्माण केलेला नाही. तो मुळातच तिथे होता.

हॉब्जने आपल्या राज्याला हे नाव का दिले, याचे उत्तर त्याने अठ्ठाविसाव्या प्रकरणाच्या अखेरीस दिले आहे. ईयोबाच्या पुस्तकातील हा पशू गर्विष्ठांचा राजा म्हटला आहे. माणसेही स्वभावतः गर्विष्ठ. त्यांना वाकवणाऱ्या सत्तेला म्हणून हेच नाव योग्य. उत्तर नेटके आहे, पण त्यात समुद्राचा उल्लेखही नाही. खवले नाहीत, शेपूट नाही, पाणी नाही. सागरी राक्षसातला सागर हॉब्जने अलगद वगळला आणि गर्विष्ठांचा राजा तेवढा ठेवला.

समुद्राला वगळणारा हा माणूस समुद्रावरून आलेल्या भीतीतच जन्मला होता, निदान त्याचे स्वतःचे म्हणणे तसे होते. ५ एप्रिल १५८८ हा त्याचा जन्मदिवस, गाव माम्सबरी. स्पेनचे आरमार इंग्लंडवर चाल करून येत असल्याच्या वार्ता त्या वसंतात गावोगाव पसरल्या होत्या. वृद्धापकाळी लॅटिन पद्यात लिहिलेल्या आत्मचरित्रात हॉब्ज सांगतो की त्या धास्तीने त्याच्या आईला जुळी झाली, एक तो आणि दुसरी भीती. एप्रिलमध्ये ते आरमार अजून लिस्बनच्या बंदरातून हललेही नव्हते, ही बाब चरित्रकार हसत हसत नोंदवतात. पण आरमारापेक्षा आरमाराची अफवा अधिक वेगाने प्रवास करते, हे हॉब्जच्या सिद्धांताला धरूनच आहे.

१६४० च्या अखेरीस तो पॅरिसला पळाला. संसदेची चौकशी सुरू होणार, राजाच्या बाजूने लिहिणारे अडचणीत येणार, हे त्याने इतरांआधी ओळखले आणि खाडी ओलांडली. तो पुढे अकरा वर्षे तिथेच राहिला. परागंदा युवराजाला, म्हणजे भावी दुसऱ्या चार्ल्सला, गणित शिकवले. आणि तिथेच ‘लेव्हायथन’ लिहिला. ग्रंथ छापला गेला लंडनमध्ये, अँड्र्यू क्रुक या प्रकाशकाकडे. चित्र मात्र पॅरिसचे असावे. पूर्वी ते वेन्सेस्लास होलारच्या नावावर खपत असे. आता अब्राहम बॉसचे नाव बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. बॉस हा ताम्रपटावर आम्लाच्या साहाय्याने रेषा कोरण्याच्या कलेतला निष्णात. १६४५ मध्ये त्याने या तंत्रावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला होता. शिवाय तो दृक्‌शास्त्राचा, म्हणजे यथार्थदर्शनाच्या गणिताचा, शिक्षक होता. इथे चित्रकार आणि तत्त्वज्ञ यांची आवड जुळते.

त्या काळच्या पॅरिसमध्ये एक चमत्कारिक खेळणे लोकप्रिय होते. मठवासी गणितज्ञ निसरों याने अशी रचना केली होती की फळ्यावर तुर्की सुलतानांचे अनेक चेहरे रंगवलेले दिसत. पण पैलू पाडलेल्या भिंगाच्या नळीतून पाहिले की त्या चेहऱ्यांचे तुकडे एकत्र येऊन फ्रान्सचा राजा तेरावा लुई समोर उभा राही. १६५० मध्ये कवी डॅव्हनंटला लिहिलेल्या उत्तरात हॉब्जने अशा नळीचा उल्लेख केला आहे. कलेतिहासकार होर्स्ट ब्रेडेकाम्प यांनी मुखचित्राच्या अभ्यासात हा धागा पकडला आणि तो पटण्यासारखा आहे. अनेकांतून एक हे हॉब्जसाठी निव्वळ रूपक नव्हते. त्याने ते डोळ्यांनी घडताना पाहिले होते. मात्र या खेळात एक अट असते: ठरलेल्या छिद्रातूनच पाहायचे. डोके जरा हलवले की राजा नाहीसा होतो आणि विखुरलेले चेहरे उरतात.

त्या देहातील माणसे मोजू गेल्यास तीनशेच्या पुढे भरतात. सगळी पाठमोरी, सगळी वर, त्या एका मुखाकडे पाहणारी. ते मुख कोणाचे, यावर बरीच शाई खर्च झाली आहे: दुसरा चार्ल्स, क्रॉमवेल, खुद्द हॉब्ज. तिन्ही दाव्यांना थोडेथोडे साम्य मिळते आणि यावर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही. याहून महत्त्वाचा पुरावा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हॉब्जने ग्रंथाची चर्मपत्रावर सुवाच्य लिहून घेतलेली एक प्रत दुसऱ्या चार्ल्सला भेट दिली होती. तिथे जपलेली हस्तलिखित प्रत हीच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिच्यातही हे चित्र आहे, पण हाताने रेखाटलेले आणि एका मोठ्या फरकासह. त्यात देहातील माणसे पाठमोरी नाहीत. तिथे चेहरेच चेहरे आहेत, आणि ते बाहेर, पान उघडणाऱ्याकडे पाहतात.

छापील प्रत सामान्य वाचकासाठी होती. तिच्यात प्रजा राजाकडे पाहते आणि वाचकालाही तीच दिशा दाखवते. हस्तलिखित राजासाठी होते. ते उघडणाऱ्या राजाकडे प्रजा टक लावून पाहते. दोन्ही चित्रांत सत्ता तीच, देह तोच, नजर मात्र उलटी. हॉब्जला केवळ निरंकुश सत्तेचा भाट म्हणणाऱ्यांनी हा फरक विचारात घेतल्याचे क्वचितच आढळते.

आता शहराकडे वळावे. ते विलक्षण रिकामे आहे. रस्ते सरळ, घरे नीटस, पण माणूस नाही. सर्वांत सोपे स्पष्टीकरण असे, की माणसे तिथे नाहीत, कारण ती वरच्या देहात गेली आहेत. तरीही शहर पूर्ण ओस नाही. भिंग लावून पाहिले की गढीच्या बाजूला सैनिक दिसतात, आणि दोन मनोऱ्यांच्या भव्य चर्चजवळ दोन लहानशा आकृती. स्विस इतिहासकार फ्रांचेस्का फाल्क यांनी या दोघांच्या तोंडाला पक्ष्याची चोच असल्याकडे लक्ष वेधले. प्लेगच्या साथीत वैद्य असा चोचीचा मुखवटा घालत. चोचीत सुगंधी द्रव्ये भरलेली असत, कारण दूषित हवा हेच रोगाचे मूळ मानले जाई. जॉर्जो अगाम्बेन आणि कार्लो गिन्झबर्ग या दोन्ही इटालियन अभ्यासकांनी हा धागा पुढे नेला. गिन्झबर्ग यांनी आठवण करून दिली की हॉब्जचे पहिले मोठे काम म्हणजे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझचे १६२९ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर, आणि त्यात अथेन्सच्या साथीचे ते प्रसिद्ध वर्णन आहे, जिथे मरणाच्या भीतीने कायदाच गळून पडतो.

इथे थोडा सावधपणा हवा. काही मिलिमीटरच्या आकृतीत चोच पाहणे आणि चोच असणे यांत अंतर असते. त्या काळच्या नगरचित्रांत रस्ते रिकामे ठेवण्याची पद्धतही सर्रास होती. २०२० मध्ये ओस रस्ते, नाकेबंदीवरचे पोलीस आणि मुखवटे घातलेले डॉक्टर पाहिलेल्या पिढीला हे चित्र एकाएकी ओळखीचे वाटू लागले, हे खरे. पण ओळखीचे वाटणे हा पुरावा नव्हे. तरीही सैनिक आणि वैद्य हे दोघेच शहरात उरावेत, ही कल्पना हॉब्जच्या ग्रंथाला शोभते. राज्य कशासाठी, तर जीव वाचावा यासाठी. आणि जीव वाचवण्याच्या नावावर ज्यांना मोकळ्या रस्त्यावर फिरता येते, ते हेच दोघे.

मग तो महाकाय पुरुष उभा कुठे आहे? अगाम्बेन यांचे निरीक्षण असे, की तो शहरात नाही आणि शहराच्या मुलखातही नाही. तो डोंगरांच्या पलीकडे, कोणाच्याच नसलेल्या जागेत किंवा समुद्रातच आहे. २०१४ मध्ये मॅग्नस क्रिस्टियान्सन आणि योहान त्रालाऊ या अभ्यासकांनी याच्याही पुढे पाऊल टाकले. राक्षसाचे नाव धारण करणाऱ्या देहात काहीच राक्षसी का नाही, असा प्रश्न विचारून त्यांनी मांडले की राक्षस चित्रात आहे, फक्त जेमतेम झाकलेला. दिसतो तो अर्धा माणूस आहे. डोंगराआड जो अर्धा आहे, तो सागरी प्राण्याचा.

हे वाचन आकर्षक आहे, म्हणूनच त्याची उलटतपासणी करायला हवी. महाकाय आकृती डोंगरामागे अर्धी झाकण्यामागे चित्रकाराची साधी अडचणही असू शकते: पाय दाखवायचे तर ते शहरावर ठेवावे लागले असते, आणि प्रजेला तुडवणारा राजा हॉब्जला नको होता. तरीही दोन गोष्टी या वाचनाच्या बाजूने आहेत. एक, क्षितिजावरचा समुद्र तिथे असण्याची काहीच गरज नव्हती. डोंगर आणि आकाश पुरले असते. दुसरी, ईयोबाच्या पुस्तकात लेव्हायथनच्या अंगावरचे खवले एकमेकांना इतके घट्ट बिलगलेले वर्णिले आहेत की त्यांच्यामधून वारासुद्धा जाऊ शकत नाही. एकावर एक दाटलेल्या त्या पाठमोऱ्या माणसांकडे हे वर्णन मनात ठेवून पाहावे. ती खवल्यांसारखी दिसू लागतात, आणि एकदा तशी दिसली की पुन्हा निव्वळ माणसे दिसणे अवघड जाते.

जर्मन कायदेपंडित कार्ल श्मिट यालाही या नावाने झपाटले होते. १९३८ मध्ये त्याने ‘लेव्हायथन’वर पुस्तक लिहिले आणि १९४२ मध्ये ‘जमीन आणि समुद्र’ हे दुसरे. जगाचा इतिहास म्हणजे जमिनीच्या आणि समुद्राच्या सत्तांचा झगडा, बेहेमोथ विरुद्ध लेव्हायथन, अशी त्याची मांडणी. इंग्लंडने समुद्र निवडला, पण हॉब्जने सागरी पशूचे नाव जमिनीवरच्या राज्याला चिकटवले, हे त्याला खटकत असे. श्मिट १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला होता आणि त्याच्या लिखाणात ज्यू परंपरेविषयीचे विष ठिकठिकाणी सापडते. त्याचा प्रश्न उचलताना हे विसरता कामा नये. प्रश्न मात्र चुकीचा नाही. १६५१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे हा ग्रंथ बाजारात आल्यावर काही महिन्यांतच, इंग्लंडच्या संसदेने नौकानयनाचा कायदा करून डच जहाजांची कोंडी केली आणि पुढच्याच वर्षी दोन्ही देशांत समुद्रावर युद्ध पेटले. क्षितिजावरची ती जहाजे तिथून हलण्याच्या बेतात होती.

समुद्रापलीकडचे जग हॉब्जला पुस्तकांतूनच ठाऊक होते असेही नाही. १६२२ मध्ये त्याच्या धन्याने त्याला व्हर्जिनिया कंपनीचा एक भाग दिला होता आणि तो तिच्या सभांना हजर राहत असे. त्याच्या आधीच्या ‘दे कीवे’ या १६४२ सालच्या ग्रंथाच्या मुखचित्रात हे जग उघडपणे येते. तिथे एका बाजूला राज्यसत्तेची स्त्रीमूर्ती, दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्याची. स्वातंत्र्याच्या हातात धनुष्य, अंगावर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा वेश, आणि तिच्या पाठीमागे माणसे माणसांचा पाठलाग करताना दाखवली आहेत. राज्य नसेल तर काय होते याचे हे हॉब्जचे उदाहरण. वसाहतवाल्यांनी काढलेल्या चित्रांवर पोसलेले आणि त्या लोकांवर उघड अन्याय करणारे. ‘लेव्हायथन’च्या तेराव्या प्रकरणात हे उदाहरण पुन्हा येते, मुखचित्रातून मात्र ते गेले आहे. नऊ वर्षांपूर्वी पानाचा अर्धा भाग व्यापणारे समुद्रापारचे जग आता एका रेषेएवढे उरले.

त्याच तेराव्या प्रकरणात आणखी एक विधान आहे. माणसामाणसांतले युद्ध करार करून मिटते. पण राजाराजांमध्ये करार लादणारा कोणी नसतो, म्हणून ते सीमेवर तोफा रोखून कायम एकमेकांसमोर उभे असतात. म्हणजे जमीन संपते तिथे हॉब्जचा करारही संपतो. चित्रातला समुद्र ही ती जागा. आणि तरीही महाकाय पुरुष तिकडे पाहत नाही. त्याची पाठ जहाजांकडे आहे. तलवार आणि दंड आतल्या बाजूला, स्वतःच्याच गावांवर धरलेले आहेत. आरमाराच्या धास्तीत जन्मलेल्या माणसाने साठी ओलांडल्यावर जे चित्र ग्रंथावर लावले, त्यात समुद्र शांत आणि इवलासा आहे. त्याला ज्याची भीती वाटत होती ते खालच्या चौकटींत आहे: रणांगण आणि धर्मसभा, दोन्ही घरचेच.

भेटीची ती देखणी प्रत दुसऱ्या चार्ल्सला मिळाली ती १६५१ च्या उत्तरार्धात, वुस्टरच्या लढाईत सारे गमावून तो पॅरिसला परतल्यावर. दरबारातील धर्मगुरूंनी ग्रंथ वाचला आणि हॉब्जला दरबाराची दारे बंद झाली. तो इंग्लंडला निघून गेला, ज्यांनी राजाला मारले त्यांच्या राज्यात. पुढे या ग्रंथाच्या वाट्याला बरेच काही आले. १६६८ मध्ये सॅम्युअल पेपिसने रोजनिशीत नोंदवले की पूर्वी आठ शिलिंगांना मिळणाऱ्या या पुस्तकाच्या जुन्या प्रतीला त्याने चोवीस शिलिंग मोजले, कारण बिशप मंडळी ते पुन्हा छापू देत नव्हती. १६८३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने ते जाळले. १६५१ साल छापलेल्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आज सापडतात. त्यांतील दोन नंतरच्या, खोट्या सालाच्या आहेत.

२५ मे १६६० रोजी चार्ल्स समुद्रमार्गे डोव्हरला उतरला. ज्या जहाजातून तो आला त्याचे नाव पूर्वी ‘नेसबी’ होते, त्याच्या बापाच्या पराभवाच्या रणभूमीवरून ठेवलेले. निघण्यापूर्वी ते बदलून ‘रॉयल चार्ल्स’ केले गेले. हॉब्जचा मित्र जॉन ऑब्री सांगतो की राजा परतल्यावर दोन-तीन दिवसांनी त्याची गाडी लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरून चालली होती. बहात्तर वर्षांचा हॉब्ज आपल्या धन्याच्या घराच्या दाराशी उभा होता. राजाची नजर त्याच्यावर पडली. त्याने आपली टोपी काढली आणि विचारले, कसे आहात?